मागेल त्याला विरजण

तुमच्या घरातला टीव्ही गेल्या दहा वर्षांत घेतलेला असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी 'कायदेशीर माहिती' अशा नावाचं एक पान असतं. ते उघडलं की बारीक अक्षरांतला इंग्रजी मजकूर सुरू होतो आणि संपता संपत नाही. असंच पान फोनमध्ये असतं, वायफायच्या राउटरमध्ये असतं. सेट-टॉप बॉक्सच्या खोक्यात कधीकधी घडी घातलेला कागद असतो, जो आपण थर्माकोलबरोबर टाकून देतो. मी गेली अठरा वर्षं पुण्यात राहून अशाच डब्यांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ही पानं वाचणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. त्या सगळ्या मजकुरात बहुतेक वेळा एक वाक्य असतं. त्याचा अर्थ साधारण असा: या यंत्रातल्या काही भागांचा सोर्स कोड तुम्ही मागितलात, तर आम्ही तो तुम्हाला देऊ.

हे वाक्य कंपनीनं मोठ्या मनानं लिहिलेलं नसतं. ते लिहिणं तिला भाग असतं. आणि माझा अनुभव असा की, ते लिहिणाऱ्यांची खात्री असते, मागायला कोणी येणार नाही. कोणी खरंच आलं तर काय करायचं हे कंपनीत कोणालाच ठाऊक नसतं.

हे बंधन येतं कुठून, ते आधी सांगतो. सोर्स कोड म्हणजे माणसानं माणसाला वाचता येईल असा लिहिलेला प्रोग्राम. यंत्राच्या चिपवर तो जसाच्या तसा जात नाही. त्याचं भाषांतर होऊन निव्वळ आकडे जातात. आकड्यांवरून यंत्र चालतं, पण त्यातून मूळ प्रोग्राम परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. १९८०च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यानं स्वतः सुधारला होता. कागद अडकला की तो वापरणाऱ्यांना तसं कळवायचा. मग झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड काही आला नाही. स्टॉलमन तो मागायला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका माणसाकडे गेला, तेव्हा त्यानं नकार दिला. कोड कोणाला देणार नाही, असं तो कंपनीला लिहून देऊन बसला होता. या नकारानं स्टॉलमन जो पेटला तो पेटलाच. १९८३ मध्ये त्यानं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये 'जनरल पब्लिक लायसन्स', म्हणजे जीपीएल, या परवान्याची पहिली आवृत्ती काढली. दुसरी आवृत्ती १९९१ची. लिनस टोरवाल्ड्सनं त्याच वर्षी सुरू केलेलं लिनक्स १९९२ मध्ये या परवान्याखाली आणलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या, राउटरच्या आणि बहुतेक टीव्हींच्या तळाशी तेच लिनक्स आहे.

हा परवाना काय म्हणतो, ते मी घरच्यांना विरजणावरून समजावतो. विरजण संपलं की आपण शेजारी वाटी घेऊन जातो. शेजारीण चमचाभर दही देते, त्याचे पैसे घेत नाही. त्या चमच्यावर आपण पातेलंभर दही लावतो. त्याचं श्रीखंड करा, कढी करा, विकलंत तरी हरकत नाही. अट एवढीच, की आपल्या दाराशी उद्या कोणी वाटी घेऊन आलं, तर 'नाही' म्हणायचं नाही. जीपीएल याहून फारसं वेगळं काही म्हणत नाही. कोड घ्या, वापरा, बदला, पैसे घेऊन विका. पण ज्याला यंत्र दिलंत त्याला त्यातला कोडही द्या, तुम्ही केलेल्या बदलांसकट, आणि तो पुढे देण्याची मोकळीकही द्या. स्वतःच्या घरात लावलेल्या दह्याचा हिशोब कोणी मागत नाही. दुसऱ्याच्या हाती दिलंत की अट लागू होते. कोड यंत्राबरोबर देता येत नसेल, तर निदान तीन वर्षं वैध असलेलं लेखी आश्वासन द्या आणि मागेल त्याला पाठवण्याच्या खर्चात पाठवा, असं परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हटलं आहे. टीव्हीतलं ते वाक्य तिथून आलेलं.

आणि कोड न देता नुसतं यंत्र देणं म्हणजे उष्णता देऊन आतले जीव मारलेलं दही विकणं. चव तीच लागते, पण त्याचं विरजण लागत नाही. ज्याच्या हाती ते गेलं त्याच्यापाशी ती साखळी संपते.

स्टीव्ह बामर मायक्रोसॉफ्टचे प्रमुख असताना, २००१ मध्ये, त्यांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. हात लावाल त्याला चिकटतं, असा त्यांचा मुद्दा होता. निरीक्षण बरोबर होतं. विरजणही चिकटतंच. नाहीतर दही लागलं नसतं.

*

माझी मावसबहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०१६च्या आसपास आपल्याकडे गावोगावी लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' होत होत्या. तिच्याही गावानं वर्गणी काढली. मुंबईला हमाली करणाऱ्यांनी दिली, यात्रा कमिटीनं दिली, एका आजींनी कोंबड्या विकून पाचशे रुपये दिले. त्या पैशातून वीस टॅबलेट आले. मागच्या बाजूला एका भारतीय कंपनीचं नाव, आत अँड्रॉइड पाच. पोरं कविता ऐकायची, पाढे म्हणायची, अंगठ्यानं नकाशे मोठे करून आपलं गाव शोधायची.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हे टॅबलेट खऱ्या अर्थानं उपयोगी पडायला हवे होते. ज्यांच्या घरी फोन नाही, अशा पोरांना ते घरी द्यायचे, असं शाळेनं ठरवलंही. पण तोवर ते चार वर्षांचे झाले होते आणि कंपनीनं त्यांच्यासाठी एकही नवी आवृत्ती काढलेली नव्हती. अभ्यासाचं जे अ‍ॅप हवं होतं ते घालायला गेलं की 'तुमच्या उपकरणासाठी उपलब्ध नाही' असं यायचं. बहिणीचा फोन आला. "दादा, तू कंप्युटरमधला ना? बघ की काय होतंय का. पडदा चांगलाय, बॅटरी चांगलीय, नुसतं आतलं जुनं झालंय म्हणं."

तिनं दुखणं बरोबर ओळखलं होतं. हार्डवेअर धडधाकट होतं, नुसतं आतलं जुनं झालं होतं. आणि ते नवं करता येतं. जगभर हौशी माणसं जुन्या फोनांवर नवं अँड्रॉइड चढवत असतात. त्यासाठी त्या विशिष्ट यंत्राच्या लिनक्सचा सोर्स कोड लागतो, कारण पडदा, टचस्क्रीन, बॅटरीचं चार्जिंग यांना हलवणारे प्रोग्राम, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, ते प्रत्येक यंत्रात वेगळे असतात. अँड्रॉइडचा बाकीचा बराचसा भाग वेगळ्या, ढिल्या परवान्याखाली आहे, पण तळाचं लिनक्स जीपीएलखालीच आहे. म्हणजे हा कोड मागणं हा बहिणीच्या शाळेचा हक्क होता. मी तिला पावती शोधायला सांगितली आणि शाळेच्या वतीनं पत्र लिहिलं.

आधी ग्राहकसेवेला फोन केला होता. "सोर्स कोड हवाय," म्हटल्यावर पलीकडचा मुलगा अतिशय अदबीनं म्हणाला, "सर, पॅटर्न लॉक विसरलात का? फॅक्टरी रिसेट करून घ्या." त्याचा काही दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या यादीत 'कोड' या शब्दाचे तेवढेच अर्थ असणार. पत्राला सहा आठवड्यांनी उत्तर आलं: आपण मागत असलेली गोष्ट ही कंपनीची गोपनीय बौद्धिक संपदा असल्यानं देता येणार नाही. त्यावर मी त्यांच्याच टॅबलेटमधल्या त्यांच्याच कायदेशीर पानाचा फोटो पाठवला. पुढचे दोन महिने काहीच नाही. मग एके दिवशी एका फाइलची लिंक आली.

ती फाइल उतरवली, उघडली आणि इंटरनेटवर कोणालाही मिळणाऱ्या मूळ लिनक्सच्या त्याच आवृत्तीशी, ३.१०शी, ओळीला ओळ लावून पाहिली. एका ओळीचाही फरक नव्हता. त्या टॅबलेटच्या पडद्याचं नाव नाही, टचस्क्रीनचं नाही, कुठले भाग जोडून हे लिनक्स बनवलं त्याची यादीही नाही. वाटी घेऊन गेलो तर शेजाऱ्यानं दुकानातून आणलेली दुधाची पिशवी हातात ठेवली होती. मी तसं कळवलं. उत्तर आलं नाही. तोवर पोरांचं वर्षही संपलं होतं.

*

हे वाचून तुम्हाला वाटेल की कंपनीकडे काहीतरी मोठं गुपित असणार. मलाही नोकरीला लागण्यापूर्वी तसं वाटायचं. मग एकदा भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं हे सगळं पाहायला मिळालं.

२००९ मध्ये मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही एका युरोपीय ग्राहकासाठी सेट-टॉप बॉक्सचं सॉफ्टवेअर करत होतो. माल निघायच्या महिनाभर आधी ग्राहकाचं पत्र आलं: बॉक्समध्ये असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची परवान्यासह यादी द्या, जीपीएलखालचा सगळा कोड द्या, आणि आमचा माणूस तुमच्यासमोर बसून त्या कोडपासून प्रोग्राम बनवून बघेल. आमचे साहेब वैतागले. इतकी वर्षं हे कोणी मागितलं नव्हतं. ग्राहकानं एका ओळीत कारण सांगितलं, की आमच्याकडे कोर्ट माल अडवतं.

त्यामागे हाराल्ड वेल्टे नावाचा जर्मन प्रोग्रामर होता. लिनक्समध्ये नेटवर्कची रहदारी गाळणारा 'नेटफिल्टर' नावाचा भाग आहे, त्याच्या लेखकांपैकी हा एक. राउटर बनवणाऱ्या कंपन्या आपला कोड वापरतात आणि अटी पाळत नाहीत, हे पाहून तो २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात गेला आणि साइटकॉम या डच कंपनीविरुद्ध त्यानं मनाई हुकूम मिळवला. हा परवाना कोर्टात टिकतो का, याची तोवर नुसतीच चर्चा चाले. इथे तो टिकला. २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयानं डी-लिंकविरुद्धही त्याच्या बाजूनं निकाल दिला. हे काम तो 'जीपीएल-व्हायोलेशन्स' या नावानं करायचा. जर्मनीतल्या त्या निकालांचा धाक पाच वर्षांनी पुण्यात माझ्या टेबलावर येऊन पडला होता.

यादी करण्याचं काम मला दिलं गेलं. तीन आठवडे मी एकेक फाइल उघडून बघत होतो. आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर त्या डब्यात थोडंच होतं. बाकीचं चिप बनवणाऱ्या कंपनीकडून गठ्ठ्यानं आलेलं, आणि त्यातलं बरंच नुसत्या आकड्यांच्या रूपात. अशा फाइलीतली वाचता येणारी अक्षरं वेगळी काढण्याची एक साधी कमांड असते. ती चालवली की एकामागून एक ओळखीची नावं वर यायची. 'बिझीबॉक्स' तर जवळजवळ सगळीकडे होता. लिनक्सच्या शेकडो छोट्या आज्ञा एकाच आटोपशीर प्रोग्राममध्ये कोंबणारं हे सॉफ्टवेअर ब्रूस पेरेन्सनं १९९५ मध्ये सुरू केलं, तेही जीपीएलखालचंच. चिपवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही ते दुसऱ्या एका कंपनीकडून करून घेतलं. त्या कंपनीतला करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवत होता. वरून जसं आलं तसं खाली दिलं, असं सगळेच म्हणत होते, आणि ते खरंही होतं. फक्त कोड वाटेत कुठल्या तरी टेबलावर राहून गेला होता.

ग्राहक हटून बसला, म्हणून आम्ही हटून बसलो, म्हणून शेवटी चिपवाल्यांनी कोड पाठवला. त्यात कसलंही गुपित नव्हतं. घाईत केलेली ठिगळं होती. एका ठिकाणी इंग्रजीत शेरा होता, त्याचा मतलब: इथे अर्धा सेकंद का थांबावं लागतं ते माहीत नाही, पण काढू नका. आमचे एक ज्येष्ठ सहकारी तो वाचून हसले आणि म्हणाले, "अरे, हे लपवत नव्हते. हे लाजत होते."

मला आजही वाटतं की या सगळ्या प्रकरणातलं निम्मं सत्य त्या वाक्यात आहे. उरलेलं निम्मं पैशाचं. कोड नीट ठेवायला, कोणी मागितला तर द्यायला एक माणूस नेमावा लागतो. कोणी मागतच नसेल तर तो पगार वाया. शंभर ग्राहकांतला एकही विचारत नाही, तोवर लपवणं हाच सगळ्यात स्वस्त मार्ग असतो. त्यासाठी वाईट हेतूही लागत नाही, नुसतं काहीच न करणं पुरतं.

*

कोड बाहेर आला की काय होतं, याचं सगळ्यात देखणं उदाहरण निळ्या-काळ्या रंगाचं आणि दोन अँटेनांचं आहे. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२च्या अखेरीला बाजारात आला. लवकरच सिस्कोनं सुमारे ५० कोटी डॉलरला ती कंपनी विकत घेतली. २००३च्या जूनमध्ये एका प्रोग्रामरनं लिनक्सच्या विकासकांना दाखवून दिलं की या राउटरच्या आत लिनक्स आहे आणि त्याचा कोड कुठेच दिलेला नाही. दबाव वाढला आणि काही आठवड्यांतच कंपनीनं कोड खुला केला.

मग जे झालं ते कंपनीच्या स्वप्नातही नसणार. लोकांनी तो साधा घरगुती राउटर उघडून त्याच्याकडून महागड्या राउटरची कामं करून घ्यायला सुरुवात केली. सिग्नलची ताकद कमीजास्त केली, दोन राउटर बिनतारी जोडले, कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवलं. २००४ मध्ये त्या कोडपासून 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावात त्या राउटरचंच नाव आहे. राउटर लोकप्रिय झाला तो कंपनीच्या जाहिरातींपेक्षा या उद्योगांमुळे. आणि तरी २००५ मध्ये कंपनीनं पुढच्या आवृत्तीतून लिनक्स काढून टाकलं आणि मेमरी निम्मी केली. ओरड झाली, तेव्हा जुनं लिनक्सवालं रूप डब्ल्यूआरटी५४जीएल या नावानं परत विकायला आणलं, आणि ते पुढे अनेक वर्षं विकलं गेलं. ओपनडब्ल्यूआरटी तर आजही जिवंत आहे. कित्येक कंपन्या स्वतःच्या राउटरचं सॉफ्टवेअर त्यावरच बेतून करतात.

लिंक्सिसनं एकदा कोड दिला म्हणून सिस्कोची गोष्ट संपली नाही. इतर उपकरणांबाबत तक्रारी येत राहिल्या आणि २००८च्या डिसेंबरात स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं सिस्कोवर खटला भरला. २००९ मध्ये तडजोड झाली. परवान्यांचं पालन पाहणारा एक स्वतंत्र अधिकारी लिंक्सिसनं नेमायचा, असं त्यात ठरलं. म्हणजे तो एक पगार, जो वाचवण्यासाठी हे सगळं झालं होतं, तो शेवटी द्यावाच लागला.

*

पण खटले हे औषध आहे का, यावर खुद्द प्रोग्रामरांत एकमत नाही, आणि हा वाद मला खोटा वाटत नाही. अमेरिकेत जीपीएलवरून पहिला खटला २००७ मध्ये बिझीबॉक्सच्या वतीनं झाला. २००९ मध्ये एकाच वेळी चौदा कंपन्यांवर झाला. त्यांत सॅमसंग आणि बेस्ट बाय होत्या. बिझीबॉक्सच्या दोन लेखकांच्या नावानं सुरुवातीचे खटले झाले होते. त्यांतला एक, रॉब लँडली, पुढे याला विटला. त्याचं म्हणणं असं की, एवढ्या खटल्यांतून बिझीबॉक्समध्ये घालता येईल असा उपयोगाचा कोड काही मिळाला नाही. उलट कंपन्या बिचकून जीपीएलपासून दूर पळाल्या. त्यानं बिझीबॉक्सला पर्याय म्हणून 'टॉयबॉक्स' लिहिलं, कसलीही अट नसलेल्या परवान्याखाली, आणि अँड्रॉइडनं तेच घेतलं. टोरवाल्ड्सही २०१६ मध्ये जाहीरपणे म्हणाला, की वकील आले की माणसं दुरावतात. कंपन्यांना गोडीनं आत ओढून घेणं हाच मार्ग आहे. त्याच वर्षी नेटफिल्टरच्या गटानं आपल्याच एका जुन्या सदस्याला निलंबित केलं, कारण तो कंपन्यांना नोटिसा पाठवून पैसे काढतो, अशा तक्रारी होत्या. विरजणाच्या नावाखाली खंडणी सुरू झाली, तर कोण विरजण घेईल? २०१७ मध्ये लिनक्सच्या अनेक विकासकांनी म्हणून जाहीर केलं, की चूक सुधारायला आम्ही आधी मुदत देऊ.

हे सगळं मान्य करूनही माझी एक अडचण उरते. टोरवाल्ड्सचा विचार हा लिहिणाऱ्याचा विचार आहे. बदल परत मिळाले, प्रकल्प वाढला, की त्याचं काम झालं. सातारा जिल्ह्यातल्या शाळेला प्रकल्प वाढण्याशी देणंघेणं नाही. तिला तिच्या वीस टॅबलेटांचा कोड हवा होता, तोही पोरांच्या त्याच वर्षात. गोडीगुलाबीनं कंपन्या दहा वर्षांत सुधारतीलही, पण एका टॅबलेटचं आयुष्य तेवढं नसतं.

कोड मिळूनही भागत नाही, अशीही सोय काहींनी केली. अमेरिकेतल्या टिवो या टीव्ही-रेकॉर्डरनं लिनक्सचा कोड दिला, पण तुम्ही बदललेला कोड यंत्र स्वीकारणारच नाही, असं कुलूप घातलं. विरजण दिलं आणि तुमचं पातेलं काढून घेतलं. २००७ मध्ये निघालेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत याला आळा घातला आहे; लिनक्स मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं.

म्हणून मला २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला एक खटला महत्त्वाचा वाटतो. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं व्हिझिओ कंपनीचे टीव्ही दुकानातून विकत घेतले, आतल्या लिनक्सचा आणि इतर भागांचा कोड मागितला आणि तो नीट मिळेना, तेव्हा खटला भरला. इतके दिवस कोर्टात जायचा तो कोडचा लेखक, कॉपीराइटचा मालक म्हणून. या वेळी वादी होता टीव्हीचा ग्राहक. त्याचं म्हणणं, परवाना हा करार आहे आणि तो आमच्या भल्यासाठी केलेला आहे; तो मोडला, तर विचारायचा हक्क आम्हाला आहे. हा निव्वळ कॉपीराइटचा मामला आहे, असं म्हणत कंपनीनं खटला केंद्रीय न्यायालयात नेला. २०२२ मध्ये त्या न्यायालयानं तो राज्याच्या न्यायालयात परत पाठवला. विरजण कोणासाठी असतं, देणाऱ्यासाठी की मागायला आलेल्यासाठी, हा मुद्दा इतक्या सरळपणे यापूर्वी कोर्टापुढे आला नव्हता.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रामला 'साहित्यकृती' मानतो. कविता, कादंबरी आणि राउटरचा प्रोग्राम कायद्याच्या एकाच व्याख्येत बसतात. म्हणजे कोणाची कथा घेऊन लेखकाचं नाव खोडून छापली, तर जो राग आपल्याला येतो, त्याच जातीचा राग इथेही यायला हरकत नाही. पण तो येत नाही. मी मित्रांना हे सांगतो, तेव्हा हमखास एक प्रश्न येतो: फुकट मिळालेल्या गोष्टीचा जाब कसला विचारायचा? मला वाटतं गाडं इथे अडतं. ती फुकट मिळालेली नसते. तिची किंमत आधीच ठरलेली असते: पुढच्याला द्यायची. कंपनीनं ती किंमत चुकवलेली नसते, आणि थकबाकी आपल्या नावावर, त्या पाचशे रुपये देणाऱ्या आजींच्या नावावर चढते.

ते वीस टॅबलेट आता तेरा उरलेत. सातांच्या बॅटऱ्या फुगल्या. बहिणीनं उरलेल्यांवर कवितांची ध्वनिमुद्रणं भरून ठेवलीत, इंटरनेटशिवाय चालतील अशी. पहिलीची पोरं ती ऐकतात. ती म्हणते, "चालतंय तवर चालवायचं."

मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. घरात कुठलंही नवं यंत्र आलं, की त्याचं ते कायदेशीर पान शोधतो आणि कंपनीला चार ओळींचं पत्र लिहितो: अमुक यंत्र, अमुक दिवशी घेतलं, पावती सोबत आहे, जीपीएलखालच्या भागांचा सोर्स कोड पाठवावा. आजवर अकरा पत्रं झाली. पाचांना उत्तर नाही. तिघांनी सांगितलं की असं काही नसतं. दोघांनी अर्धवट दिलं, परत लिहिल्यावर उरलेलं दिलं. अकरावं पत्र गेल्या पावसाळ्यात एका साध्या वायफाय राउटरसाठी लिहिलं. चौथ्या दिवशी कोणा इंजिनिअरचं उत्तर आलं, सोबत लिंक, आणि कोडपासून प्रोग्राम कसा बनवायचा त्याच्या अकरा पायऱ्या, क्रमानं. पायरी आठमध्ये एक सूचना होती: ही जुनी फाइल आधी पुसा, नाहीतर अडेल. म्हणजे त्यानं पाठवण्यापूर्वी स्वतः करून पाहिलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी त्या पायऱ्या एकेक करत गेलो. पाऊण तासात प्रोग्राम तयार झाला. तो राउटरवर चढवला, दिवे एकदा विझले आणि परत लागले. मला त्यात काहीच बदलायचं नव्हतं. कोडची फाइल जपून ठेवली आणि त्याला 'मिळालं, लागलं, आभार' असं कळवलं.